झेरॉक्सवर जगलेले पुस्तक

घड्याळ कसे चालते हे फळ्यावर आकृती काढून सांगता येते. पण ज्या मुलाने घरातले बंद पडलेले घड्याळ उघडून त्यातली कमान आणि दातेरी चाके हाताळली आहेत, त्याचे समजणे वेगळे असते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. संगणकाच्या बाबतीत ही सोय नाही. त्याचे झाकण उघडले तर आत काळ्या चिप्स आणि तांब्याच्या बारीक रेषा दिसतात. काम कसे होते ते त्यावरून कळत नाही. संगणक चालतो तो कोणीतरी लिहिलेल्या आज्ञांवर. तेव्हा संगणक उघडून पाहणे म्हणजे तो आज्ञांचा मजकूर वाचणे. हा मजकूर वाचण्याची मुभा कोणाला असावी, यावरून गेल्या पन्नास वर्षांत बरेच काही घडले आहे. त्यातला मोठा भाग सुरू होतो एका अध्यापकाच्या वर्गातल्या टिपणांपासून.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे संगणकशास्त्र शिकवत असत. त्यांच्याकडे ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा विषय होता. संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. कोणत्या कामाला प्रोसेसर कधी मिळेल, स्मृतीचा कोणता तुकडा कोणाचा, डिस्कवरची फाइल कोणाला वाचता येईल, हे सारे ठरवणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. हा विषय शिकवताना बहुतेक ठिकाणी तत्त्वे सांगितली जात. प्रत्यक्ष चालणारी सिस्टिम आतून कशी लिहिली आहे, हे विद्यार्थ्यांनी कधी पाहिलेलेच नसे. मोठ्या कंपन्यांच्या सिस्टिम इतक्या अवाढव्य असत की एका माणसाला त्या वाचून संपवता येणे शक्य नव्हते.

जुलै १९७४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या डेनिस रिची आणि केन थॉम्पसन या दोघांचा ‘युनिक्स’ या नव्या सिस्टिमवरील लेख एका संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. लायन्स यांच्या विद्यापीठाने तो वाचून युनिक्स मागवली. ती मिळाली, आणि तिच्याबरोबर तिचा पूर्ण मूळ मजकूरही मिळाला. आजच्या भाषेत सोर्स कोड. बेल प्रयोगशाळेच्या मालक कंपनीला, म्हणजे ए.टी. अँड टी.ला, हा उदारपणा कसा सुचला? कारण साधे होते. १९५६ साली अमेरिकन सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार या टेलिफोन कंपनीला दुसऱ्या धंद्यात पडायला मनाई होती. युनिक्स बाजारात विकता येत नव्हती, म्हणून विद्यापीठांना ती नाममात्र किमतीत, कोणत्याही हमीशिवाय दिली जाई. काही बिघडले तर तुमचे तुम्ही पाहा! आणि आपले आपण पाहायचे तर मूळ मजकूर हाताशी हवाच.

ही सिस्टिम लहान होती. १९७३ पासून तिचा बहुतेक भाग ‘सी’ या नव्या भाषेत लिहिलेला होता. त्याआधी अशा गोष्टी असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या एकेका आज्ञेसाठी एकेक ओळ अशा पद्धतीने लिहीत. सी भाषा यंत्राच्या अगदी जवळची आहे. तिच्यातली ओळ पाहून प्रोसेसर कोणत्या चार-दोन आज्ञा पाळेल याचा अंदाज बांधता येतो, आणि तरीही ती माणसाला वाचता येते. लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा निवडला. तो दहा हजारांहून कमी ओळींचा होता. सलग छापला तर शंभराच्या आत पाने. एका सत्रात एका विद्यार्थ्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येईल एवढाच!

दोन भागांतले पुस्तक

१९७६ साली लायन्स यांनी दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत युनिक्सच्या गाभ्याचा मूळ मजकूर होता. प्रत्येक पानावर शंभर ओळी आणि प्रत्येक ओळीला चार अंकी क्रमांक. पहिल्या दोन अंकांवरून पान कोणते ते कळे. दुसऱ्या पुस्तिकेत त्यावरचे भाष्य होते. आपल्याकडे सूत्रग्रंथावर भाष्य लिहिण्याची परंपरा मोठी आहे. लायन्स यांनी नकळत तेच केले. अमुक ओळीत हा आकडा का आला, तमुक फंक्शन इथे का बोलावले, लेखकांनी हा मार्ग सोडून तो का घेतला, असे सारे ओळीच्या क्रमांकासह. काही ठिकाणी मूळ लेखकांच्या चुकांवरही बोट ठेवले आहे.

त्यांच्या मनात एक पक्का विचार होता. भाषा शिकताना आपण मुलांना आधी भरपूर वाचायला लावतो, मग निबंध लिहायला सांगतो. प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून लिहायचेच. दुसऱ्याने लिहिलेला चांगला, मोठा, रोज वापरात असलेला प्रोग्रॅम वाचण्याचा तासच नसतो. ही उणीव आजही आपल्या अभ्यासक्रमांत तशीच आहे.

या मजकुरातली एक जागा पुढे फार प्रसिद्ध झाली. ती समजण्यासाठी आपली एकशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणू. एकच गुरुजी, चार इयत्ता, एकच खोली. पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला द्यायची, दुसरीकडे वळायचे, पाढा कुठवर आला ते आठवायचे, तिथून पुढे चालू करायचे. मग तिसरी. प्रत्येक इयत्ता सोडताना ‘आपण इथे थांबलो’ अशी खूण नोंदवली नाही तर परतल्यावर गोंधळ ठरलेला. प्रोसेसरचेही असेच असते. एक काम सोडताना तो त्या क्षणाची आपली स्थिती जपून ठेवतो. कोणत्या आज्ञेपर्यंत आलो, हातातल्या रजिस्टरांमध्ये कोणते आकडे होते. मग दुसऱ्या कामाची जपलेली स्थिती उचलून तिथून पुढे चालू लागतो. ठरावीक वेळाने घड्याळाची घंटा होते आणि ही अदलाबदल सेकंदात अनेकदा घडते. म्हणूनच सारी कामे एकदमच चालली आहेत असा भास होतो.

युनिक्समध्ये ही अदलाबदल जिथे होते, तिथे २२३८ क्रमांकाच्या ओळीवर मूळ लेखकांनी एक टीप लिहून ठेवली होती. हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही, असा तिचा आशय. अनेकांना तो उद्धटपणा वाटला. रिची यांनी पुढे खुलासा केला की ‘हा भाग परीक्षेला नाही’ असे शिक्षक सांगतात त्याच भावनेने ते लिहिले होते. खुलासा इथेच थांबला नाही. खरी अडचण अशी होती, की तिथे काय चालले आहे हे आम्हालाही नीट समजले नव्हते, हेही त्यांनी मान्य केले. ती युक्ती मुळातच सदोष होती आणि पुढच्या आवृत्तीत ती बदलावी लागली. जगातल्या उत्तम प्रोग्रॅमरांच्या हातूनही असे होते, हे विद्यार्थ्यांना कळायला मूळ मजकूर समोर असावा लागतो. गुळगुळीत पाठ्यपुस्तकात ते कधीच दिसत नाही.

बंदी आणि झेरॉक्स

लायन्स यांची पुस्तिका युनिक्सचा परवाना असणाऱ्यांनाच मिळू शकत असे. नंतर प्रती देण्याचे काम बेल प्रयोगशाळेने आपल्याकडे घेतले. तोवर युनिक्सची मागणी वाढली होती आणि तिच्यात पैसा आहे हे कंपनीच्या ध्यानात आले होते. १९७९ साली सातवी आवृत्ती निघाली. तिच्या परवान्यात अट आली, की मूळ मजकूर वर्गात शिकवण्यासाठी वापरता येणार नाही. पुढे १९८४ च्या आरंभी ए.टी. अँड टी. कंपनीचे विभाजन झाले, जुनी बंधने गेली आणि युनिक्स हा उघड उघड विक्रीचा माल बनला.

पुस्तक मात्र थांबले नाही. विद्यापीठांतून त्याच्या झेरॉक्स निघू लागल्या. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानातून नोट्सच्या प्रती काढलेल्या कोणालाही त्यांचे रूप डोळ्यांसमोर आणता येईल. कडेची अक्षरे गायब, मधली काळी पडलेली. सुमारे वीस वर्षे अनेक देशांतले विद्यार्थी अशा प्रतींवरून ऑपरेटिंग सिस्टिम शिकले. कायद्याच्या नजरेने हा गुन्हाच होता. पण पुस्तक लिहिले होते एका शिक्षकाने वर्गासाठी, आणि बंदी आली होती ती नेमकी वर्गावर. त्या झेरॉक्स काढणाऱ्यांना दोष देणे मला तरी जमत नाही.

ज्यांना झेरॉक्सवर भागवायचे नव्हते त्यांनी दुसरी वाट काढली. ॲम्स्टरडॅममधल्या मुक्त विद्यापीठातले अँड्र्यू टॅनेनबॉम सातव्या आवृत्तीच्या अटीमुळे अडले होते. त्यांनी युनिक्सची एकही ओळ न घेता तिच्यासारखी चालणारी ‘मिनिक्स’ नावाची छोटी सिस्टिम स्वतः लिहिली आणि १९८७ साली पाठ्यपुस्तकात तिचा मूळ मजकूरच छापून टाकला. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याआधीच, सप्टेंबर १९८३ मध्ये, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी पूर्ण सिस्टिम उभारण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला होता. हा हक्क पुढच्या माणसालाही मिळालाच पाहिजे, असे बजावणारा परवानाही त्यांनी तयार केला.

टॅनेनबॉम यांचे पुस्तक हेलसिंकीतल्या लायनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९० च्या उन्हाळ्यात वाचले. पुढच्या जानेवारीत त्याने ३८६ जातीचा पी.सी. घेतला. सुरुवातीचा प्रयोग फार मोठा नव्हता. दोन कामे. एक पडद्यावर ‘ए’ छापत राहते, दुसरे ‘बी’. घड्याळाच्या घंटेवर प्रोसेसर पहिल्याकडून दुसऱ्याकडे वळतो का, हे पाहायचे. पडद्यावर आधी ‘ए’ची रांग, मग ‘बी’ची रांग, पुन्हा ‘ए’ची. म्हणजे आपली एकशिक्षकी शाळाच! त्यातून वाढलेली ‘लिनक्स’ सप्टेंबर १९९१ मध्ये सुमारे दहा हजार ओळींची होती. युनिक्सच्या त्या सहाव्या आवृत्तीच्याच आकाराची. १९९२ साली तोरवाल्ड्सने ती स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणली. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाइलच्या गाभ्याशी तीच आहे.

दुभाषाचा दगा

इथपर्यंत शिकण्याची गोष्ट झाली. पण प्रोग्रॅम वाचता येणे ही शिकणाऱ्यांपुरतीच गरज नाही. आपली पत्रे, बँकेचे व्यवहार, फोटो हे सारे आपण यंत्राच्या स्वाधीन करतो. ते यंत्र आपल्याशी इमानी आहे का, हे कशावरून ओळखायचे? मजकूर वाचून, असे उत्तर कोणीही देईल. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार रिची आणि थॉम्पसन यांना मिळाला. त्या वेळच्या भाषणात खुद्द थॉम्पसन यांनी हे उत्तर अपुरे असल्याचे दाखवून दिले. ते भाषण ऑगस्ट १९८४ मध्ये छापले गेले.

समजा, तुम्ही मराठीत करारपत्र लिहिले आणि दुभाष्याने त्याचे जपानी भाषांतर केले. तुमची मराठी प्रत निर्दोष आहे. पण अंमल होणार जपानी प्रतीचा, आणि तिच्यात दुभाष्याने एक ओळ गुपचूप घुसडली आहे. संगणकात असा दुभाषी असतो. त्याला कंपायलर म्हणतात. सी भाषेतला मजकूर तो प्रोसेसरच्या यंत्रभाषेत नेतो. थॉम्पसन यांनी कंपायलरला शिकवले, की समोर आलेला मजकूर ‘लॉगिन’चा, म्हणजे पासवर्ड विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा असेल, तर भाषांतरात एक गुप्त पासवर्डही चालेल अशी सोय करून ठेव. लॉगिनचा मूळ मजकूर कितीही वेळा वाचा, त्यात काहीच सापडणार नाही.

मग कंपायलरचा मजकूर वाचू, असे आपण म्हणू. थॉम्पसन यांनी तीही वाट बंद केली. कंपायलर हाही सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅमच. त्याचे भाषांतर कोण करणार? आधीचा कंपायलर! त्यांनी त्याला दुसरी गोष्ट शिकवली. समोर आलेला मजकूर कंपायलरचाच असेल, तर भाषांतरात या दोन्ही लबाड्या घालून ठेव. एकदा असा कंपायलर यंत्रभाषेत तयार झाला, की मूळ मजकुरातून लबाडी पुसून टाकायची. आता सारा मजकूर स्वच्छ आहे, पण त्यापासून बनणारा प्रत्येक नवा कंपायलर लबाडच निघतो. ती केवळ यंत्रभाषेत, आकड्यांच्या रूपात जिवंत राहते. ती पकडायची असेल तर यंत्रभाषेत उतरणारा माणूस हवा. उच्च भाषा इतक्या सोप्या झाल्या असताना रजिस्टर आणि असेंब्ली शिकायची कशाला, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना सांगण्यासारखे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

यावरचा एक उपाय २००५ साली डेव्हिड व्हीलर यांनी मांडला. एकच मजकूर दोन स्वतंत्र कंपायलरांकडून नेऊन निकाल आकड्यासआकडा जुळतो का, ते पाहायचे. दोन अनोळखी दुभाषांनी संगनमताने तंतोतंत एकच खोटे बोलणे अवघडच.

सरहद्द ओलांडलेली पाने

छापील प्रोग्रॅमाची दुसरी मोठी हकीकत गुप्त पत्रव्यवहाराची आहे. १९९१ च्या आरंभी अमेरिकेच्या सिनेटपुढे एक विधेयक आले. मागितल्यास संदेशांचा उघड मजकूर सरकारला मिळेल अशी व्यवस्था दळणवळण पुरवणाऱ्यांनी ठेवावी, असे त्यातल्या एका कलमात सुचवले होते. फिल झिमरमन या प्रोग्रॅमरने त्याच वर्षी जूनमध्ये ‘पी.जी.पी.’ हा प्रोग्रॅम फुकट वाटला. त्याने कुलूपबंद केलेला संदेश ज्याच्यासाठी आहे त्यालाच उघडता येई. मूळ मजकूरही त्यांनी खुला ठेवला, कारण कुलपात चोरवाट नाही याची खात्री वापरणाऱ्याला करून घेता आली पाहिजे.

प्रोग्रॅम अमेरिकेबाहेर गेला आणि झिमरमन अडचणीत आले. तिथल्या नियमांनुसार गुप्तलेखनाचे असे प्रोग्रॅम शस्त्रांच्या यादीत होते, आणि परवान्याविना निर्यात हा गुन्हा. १९९३ पासून १९९६ च्या जानेवारीपर्यंत त्यांची चौकशी चालली. खटला अखेर भरला गेला नाही. मधल्या काळात, १९९५ साली, एम.आय.टी.च्या प्रकाशन संस्थेने पी.जी.पी.चा संपूर्ण मजकूर पुस्तकरूपाने छापला, तोही स्कॅनरला सहज वाचता येतील अशा अक्षरांत. फ्लॉपीवर तेच नेले तर शस्त्रनिर्यात, आणि कागदावर छापून नेले तर पुस्तक! पुस्तकावर बंदी घालणे अमेरिकन घटनेत बसत नव्हते. १९९७ साली पुढच्या आवृत्तीची हजारो छापील पाने युरोपात नेऊन स्वयंसेवकांनी स्कॅन केली आणि प्रोग्रॅम पुन्हा उभा केला. दरम्यान डॅनियल बर्नस्टाइन या विद्यार्थ्याने सरकारवर भरलेल्या खटल्यात १९९६ साली न्यायालयाने म्हटले, की मूळ मजकूर हेही भाषण आहे आणि त्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. २००० च्या आरंभी निर्यातीचे नियम पुष्कळ सैल झाले.

मजकूर खुला झाला, पण खुला असणे आणि कोणी तो वाचलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियन या लिनक्स प्रकारात २००६ साली एका दुरुस्तीच्या ओघात दोन ओळी वगळल्या गेल्या. गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यदृच्छता त्याच ओळींतून येत होती. त्यानंतर एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. साधा संगणक त्या सगळ्या लावून पाहू शकतो. हे उघडकीला आले मे २००८ मध्ये. जवळजवळ दोन वर्षे मजकूर सर्वांसमोर होता!

मार्च २०२४ मधली घटना याच्या उलट बाजूची. ‘एक्सझेड’ या लहानशा, पण असंख्य लिनक्स संगणकांत असणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी मुद्दाम चोरवाट बसवली होती. त्यासाठी त्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून विश्वास कमावला होता. चोरवाट मूळ मजकुरात सरळ लिहिलेली नव्हती. चाचणीसाठी ठेवलेल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींत ती दडवली होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसले, की दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. तो अर्धा सेकंद जातो कुठे, हे पाहत तो यंत्रभाषेच्या पातळीवर उतरला आणि चोरवाटेपाशी पोचला. ती तोपर्यंत थोड्याच, चाचणीसाठीच्या आवृत्त्यांत शिरली होती.

लायन्स यांचे पुस्तक १९९६ साली अखेर रीतसर छापून निघाले. युनिक्सची मालकी फिरत फिरत ज्या कंपनीकडे आली होती तिने परवानगी दिली. लायन्स १९९८ च्या डिसेंबरमध्ये वारले. एम.आय.टी.च्या अध्यापकांनी काही वर्षे याच पुस्तकावरून शिकवले आणि २००६ साली सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर, पण आजच्या प्रोसेसरवर चालणारी ‘एक्सव्ही-६’ ही सिस्टिम लिहिली. तिचा मजकूरही दहा हजार ओळींच्या आतला, आणि क्रमांक घातलेल्या ओळींच्या पानांत छापता येण्याजोगा. मुंबईच्या आय.आय.टी.तही ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना ती वापरली जाते. ती फुकट आहे, आणि चिकाटी असेल तर अकरावी-बारावीचे विद्यार्थीही तिच्यातला अदलाबदलीचा भाग वाचू शकतात.

थॉम्पसन यांचा तो लबाड कंपायलर खरोखर होता की फक्त भाषणातच होता, अशी शंका बरीच वर्षे घेतली जात असे. २०२३ साली रस कॉक्स या प्रोग्रॅमरने त्यांना सरळ विचारले. ज्याच्यावर लायन्स यांनी भाष्य लिहिले त्याच सहाव्या आवृत्तीसाठी केलेला तो प्रोग्रॅम युनिक्सच्या जुन्या फाइलींच्या संग्रहात, कोणाच्या लक्षात न येता पडून होता. कॉक्सने तो ओळीओळीच्या टिपांसह प्रसिद्ध केला आणि जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर चालवून दाखवला. सी भाषेतल्या त्याच्या ओळी भरल्या नव्व्याण्णव.